एकशे ब्याण्णव अंकांची पारख

कागदाची पारख मला कुणी शिकवली नाही. डोळे मिटून दोन बोटांत पान धरलं तरी मी सांगत असे, हा वहीचा, हा वर्तमानपत्राचा, हा कचेरीच्या फायलीतला. जळगावात तीस वर्षं रद्दीचं दुकान चालवलं. शाळा तिसरीपर्यंत. चौथीत बसलो होतो, पण मास्तरांशी पटलं नाही, आणि चूक मास्तरांची होती हे मी आजही म्हणतो. वाचायला खरं शिकलो ते रद्दीतून.

ही हकीकत एका मासिकाच्या अंकांची आहे. मासिकाचं नाव मी लिहीत नाही. ते बंद पडलं, आणि ज्यांनी ते जिवाच्या आकांतानं चालवलं त्यांच्या घरच्यांना माझ्या हातून काय झालं हे कळू नये असं मला वाटतं.

त्याचा पहिलाच अंक माझ्याकडे आला तो एका वारलेल्या वकिलांच्या घरून. पोत्यात तो सगळ्यात वर होता. कव्हरावर विहिरीवर पाणी ओढणारी बाई, निळं लुगडं, आणि रंग असा ताजा की बोटाला लागेल. मी तराजू सोडून बघत बसलो. माझी बायको दुकानात माझ्याबरोबर माल निवडायला बसायची. ती म्हणाली, "काय देखी ऱ्हायनात? आपलाच गावनी बाई शे का?" मी तिला आतली गोष्ट वाचून दाखवली. अडखळत, बोट ठेवत. अर्ध्या पानाला पाऊण तास लागला. तिला एक अक्षर येत नाही, तरी मी चुकलो की ती हसायची, कारण चुकलेलं वाक्य तिला कानानं कळायचं.

तिथून नाद लागला. अंक आला की बाजूला. नाही आला की शोधायचा. वरणगावच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये बदली होऊन कुणी निघालं की मी रद्दी उचलायला हजर. पिंपळनेरच्या एका शाळेनं जुनी कपाटं रिकामी केली, तिथून अकरा अंक मिळाले, आणि ते आणायला मी दोन मुक्काम केले. मासिक सोळा वर्षं चाललं आणि बंद पडलं. सोळा वर्षांचे एकशे ब्याण्णव अंक, एकही खंड नाही, माझ्या दुकानाच्या मागच्या फळीवर होते. कॉलेजातले एक प्रोफेसर एकदा उन्हातून येऊन उभे राहिले आणि म्हणाले, आबा, एवढा संच मी कुठेच पाहिला नाही. मी त्यांना पाणी दिलं, पण अंकाला हात लावू दिला नाही.

आणि मग रस्ता रुंद व्हायचा निघाला.

नव्वद सालच्या आसपासचा उन्हाळा. आमच्या रांगेतली सगळी दुकानं जाणार होती. नोटीस लागली, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, जागा रिकामी करा. बाकीचा माल गुजरातच्या कागदाच्या मिलला लगदा व्हायला जायचाच, तो गेला असता. पण अंक कुठे ठेवायचे? घर म्हणजे पत्र्याची एक खोली, पावसाळ्यात तीन ठिकाणी भांडी मांडावी लागायची, आणि भिंतीत वाळवी. तिथे एक पावसाळाही ते टिकले नसते. जळगावात दोन ठिकाणी विचारलं, जागा नाही म्हणाले. धुळ्याच्या एका वाचनालयाचे सेक्रेटरी मात्र म्हणाले, घेऊ. कपाट देऊ. पण एक अट.

"मागे एका सद्गृहस्थांनी असाच पूर्ण संच दिला," ते म्हणाले. "वरून छान. उघडला तर आतून वाळवीनं चाळणी. तेव्हापासून कमिटीचा नियम आहे, आबा. बाहेरच्या पारख्याचं लेखी पाहिजे. अंक पूर्ण आहेत का, दर्जा काय."

"मी सांगतो ना. अव्वल आहेत."

"मालकाचं चालत नाही."

"मी मालक नाही, मी पारखी आहे. तीस वर्षं हेच केलं."

ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. कागदावर तीन पत्ते लिहून दिले. एक मुंबईचा, एक तिथलाच धुळ्याचा, एक आमच्या जळगावचा. "तुम्हाला पटेल तो निवडा," म्हणाले. लेखी आलं तर कपाट, नाही आलं तर अंक मिलच्या हौदात, असा तो मामला होता. आखाजीला पाच आठवडे होते.

मुंबईच्या माणसाला मी शेजारच्या दुकानदाराकडून पत्र लिहवून घेतलं. त्याचं छापील उत्तर आलं. अंक पार्सलनं पाठवा, एकेका अंकाला दर्जा देऊ, प्लास्टिकच्या पाकिटात बंद करून परत करू, तीन महिने लागतील. खाली बारीक अक्षरात, जुनी मासिकं योग्य भावात विकतही घेतो. मी तो कागद तिथेच घडी करून ठेवला. जो घेणारा तोच दर्जा ठरवणारा असेल तर तो माझ्या मालाला चांगलं कशाला म्हणेल? शिवाय तीन महिन्यांनी माझ्या दुकानाच्या जागेवर डांबर असणार होतं.

उरले दोन. आधी धुळ्याला गेलो, बायकोला बरोबर घेऊन, कारण पिशवी मांडीवर धरायला माझा दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता. पाच अंक नेले होते, त्यात पहिला.

धुळ्याचे हे पारखी म्हणजे निवृत्त ग्रंथपाल, सगळे त्यांना नाना म्हणत. घर साधं, ओटा शेणानं सारवलेला. आम्हाला बसवलं, आणि स्वतः आत जाऊन साबणानं हात धुवून, पुसून आले. मला ते नाटकी वाटलं. मग एकेक अंक पांढऱ्या फडक्यावर ठेवला, पाठीचा कणा पाहिला, पिना पाहिल्या, पानं मोजली, उजेडाला धरली, नाकाशी नेली. एका अंकाला एवढा वेळ, की त्यात मी पोतंभर माल निवडला असता. पेन्सिलीनं वहीत लिहीत होते.

"हा शिक्का कुणी मारला?" पहिल्या अंकाच्या कव्हरावर माझ्या दुकानाचा जांभळा शिक्का होता, बाईच्या घागरीच्या बरोब्बर खाली.

"मी. माल माझा आहे, कुणी उचलून नेऊ नये."

"आणि ही पाठ?"

"फाटली होती. खळ लावून वर्तमानपत्राची पट्टी चिकटवली. पक्की आहे, ओढून बघा."

त्यांनी ओढून बघितलं नाही. तिसरा अंक उघडला, शेवटचं पान माझ्याकडे वळवलं. खालच्या कोपऱ्यात एक चौकोन कापलेला होता, स्पर्धेचं कूपन कुणीतरी कात्रीनं काढून घेतलेलं. पंधरा वर्षं तो अंक माझ्याजवळ होता आणि मी ते पाहिलं नव्हतं.

"हा अंक पूर्ण नाही, भाऊ. पहिला अंक मध्यम. हे दोन मध्यम. हा एक चांगला."

बायकोसमोर. ती माझ्याकडे बघत होती. ती माझ्याबरोबर निवडायला बसायची ती मला कागद कळतो म्हणून. मी उठलो. "तुम्ही पुस्तकं कपाटात ठेवली, नाना. मी हातानं उचलली. मध्यम कशाला म्हणतात ते माझ्या दुकानात येऊन बघा," असं काहीतरी बोललो, आणि पायऱ्या उतरून चपला घालायला लागलो. ते मागून बायकोशी काहीतरी बोलत होते. मी ऐकायला थांबलो नाही.

पारोळ्याच्या स्टँडवर एसटी थांबली तेव्हा तिनं तोंड उघडलं. "त्या नाना सांगी ऱ्हायनात, अंकले हात लावानं नही. कापानं नही, शिवानं नही, चिकटाडानं नही. जसा शेत तसा लई या, मी लिखी देस."

"माले शिकाडू नको."

"मी कोठे शिकाडस? त्यासनी सांगं ते सांगस."

"त्यासले काय समजस? कूपन देखत बसना."

"कूपन नव्हतंच ना तठे," ती म्हणाली, आणि पिशवी छातीशी धरून खिडकीबाहेर बघायला लागली. एरंडोल गेलं, जळगाव आलं.

तिसरा पत्ता स्टेशनकडच्या रस्त्यावर, मिठाईच्या दुकानावरचा माळा. टेबलावर काच, काचेखाली देवांचे फोटो, भिंतीवर पाटी, जुनी नाणी, तिकिटं, मासिकं, पुस्तकं, पारख करून प्रमाणपत्र. माणूस तोंडाचा गोड. "या आबा, या, अक्का तुम्ही पंख्याखाली बसा." अंक उघडलेही नाहीत. गठ्ठ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "माल उत्तम. पण आबा, खरं बोलू का? असा विस्कटलेला माल कमिटीपुढे गेला तर काय दिसेल? वर्षावर्षाची बाइंडिंग करून घ्या. कडा सरळ, वर सोनेरी अक्षरं. मग मी डोळे मिटून अव्वल लिहितो."

डोळे मिटून लिहितो म्हणाला. मला तेव्हा ते ऐकू आलं नाही. मला अव्वल ऐकू आलं.

आणि खोटं का सांगू, ते मला पटलंही होतं. रद्दीत आमच्याकडे वकिलांच्या निकालांचे बांधलेले ठोकळे यायचे, वाचनालयांचे यायचे, विटेसारखे सरळ. चांगला कागद म्हणजे सरळ कडेचा कागद, हे माझ्या हातात तीस वर्षं मुरलेलं. आमच्या गल्लीतला बाइंडर माझा जुना माणूस. त्याला मी सोळा गठ्ठे दिले आणि सांगितलं, जसं वकिलांचं करतोस तसं कर, त्याहून चांगलं कर. त्यानं तसंच केलं. पिना उपटल्या. कव्हरं जाड असतात, शिवणीत मोडतात, म्हणून ती काढली, बाइंडर काढतातच. जाहिरातीची पानं काढली. दाभणानं शिवलं, आणि मशीनमध्ये घालून तीन बाजूंनी कापलं. बांधलेल्या ग्रंथाला मूळ कव्हर असतं असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, त्यामुळे नाही हे खटकलंही नाही. सोळा ठोकळे लाल कापडात ओळीनं उभे राहिले तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवले.

तिनं पहिला ठोकळा उघडून मागेपुढे पाहिला. "त्या निळी लुगडावाली बाई कोठे गई?" म्हणाली.

"बाइंडिंगमा तसंच ऱ्हास," मी म्हणालो.

बाइंडरकडची कातरण आणि निघालेली कव्हरं नेहमीप्रमाणे पोत्यांत भरून माझ्याच दुकानात आली. त्याची रद्दी पहिल्यापासून मीच घ्यायचो. पोती मी उघडलीही नाहीत. आखाजी चार दिवसांवर होती, दुकान उपसायचं होतं, शेवटचा ट्रक भरायचा होता. बाकीच्या मालाबरोबर त्या पोत्यांची तोंडंही मी माझ्या हातानं शिवली आणि फळीवरून ट्रकवर चढवली. माळ्यावरच्या पारख्याचं प्रमाणपत्र खिशात होतं. टाइप केलेलं, लाल मोहर, अव्वल दर्जा.

त्याच सकाळी आम्ही दोघं सोळा ठोकळे घेऊन धुळ्याला गेलो. एसटीच्या टपावर मी ठेवू दिले नाहीत, पायाशी ठेवले. सेक्रेटरींनी प्रमाणपत्र वाचलं, बाजूला ठेवलं, पहिला ठोकळा उघडला. पान उलटलं. पुन्हा मागे आले.

"आबा, मुखपृष्ठं?"

"बाइंडिंगमध्ये काढतात ती."

त्यांनी चष्मा काढला. मग बोट ठेवून दाखवत गेले. पानांचे आकडे नाहीत, मशीननं उडवले. इथे वरची अर्धी ओळ नाही. इथे चित्राचं डोकं नाही. "ज्यांनी प्रमाणपत्र दिलं त्यांनी हे उघडून पाहिलं का?" त्यांनी ठोकळा मिटला. "या मासिकाची कव्हरंच लोक आठवतात, आबा. आखाजी झाली की लगेच कमिटीची बैठक आहे. मी त्यांना काय दाखवू? कव्हरं आहेत ना तुमच्याकडे?"

कव्हरं कुठे आहेत हे मला कळलं तेव्हा मी खुर्चीत बसलेला होतो. बायकोनं दंडाला धरून उठवलं. माझ्याच ट्रकात. माझ्याच शिवणीखाली. आणि तो ट्रक आम्हाला मागे टाकून धुळ्यावरून पुढे गेलेला होता.

सेक्रेटरींनी स्वतः ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला फोन लावला. तिकडून कळलं की ड्रायव्हर साक्रीला थांबतो, बहिणीकडे जेवतो, ऊन उतरल्यावर निघतो. ठोकळे तिथेच टाकून आम्ही साक्रीची गाडी धरली. त्या दीड तासात मी काय विचार केला ते सांगता येत नाही, कारण विचार केलाच नाही. पुढच्या माणसाच्या टोपीकडे बघत होतो. वाटेत गाडी थांबली की कंडक्टरला विचारायचो, का थांबली? तो दर वेळी सांगायचा, स्टॉप आहे आजोबा.

साक्रीला आठवड्याचा बाजार होता. ट्रक गावाबाहेर लिंबाखाली उभा, आणि ड्रायव्हर ट्रकखालीच पथारी टाकून पडलेला. मी वाकून हाक मारली. त्यानं एक डोळा उघडला.

"आबा? जळगावला सोडलं ना तुम्हाला सकाळी?"

"माझी काही पोती काढायची आहेत."

"कुठली?"

"वर चढून बघावं लागेल."

तो उठून बसला आणि हसायला लागला. "रद्दीवाला रद्दी परत मागतो, हे पहिल्यांदाच पाहिलं! अक्काचा दागिना गेला का काय त्यात?"

"दागिना असता तर आलो नसतो."

त्यानं हसणं थांबवलं, पण मान हलवली. माल तिघांचा आहे, दोर आवळलेले आहेत, पुन्हा कोण बांधणार, मिलवर वेळेत पोचायचं आहे. सगळं खरं होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं, आणि वरून दोन शिव्या दिल्या असत्या. मी हात जोडले. पूर्वी मी पोलिसापुढे जोडले नव्हते, बाप गेला तेव्हा भाऊबंदांपुढे जोडले नव्हते. जोडले आणि सोडवेनात. तो म्हणाला, "आबा, असं करू नका. चला. पण ऊन उतरेपर्यंतच."

दोर सोडले. माझी पोती मला शिवणीवरून ओळखू येत होती. ती सगळ्यांत खाली होती, अर्थातच, कारण पहिली चढवलेली माझीच. ड्रायव्हर आणि मी वरून पोती काढून खाली देत होतो, बायको ओढून बाजूला लावत होती. भर उन्हाळ्याचं ऊन, कागदाची धूळ, घशाला कोरड. एक पोतं फोडलं, कातरण. दुसरं, वह्या. तिसऱ्यात रंग दिसला. मी हात घातला आणि कव्हरं बाहेर काढायला लागलो. घडी पडलेली, पाठीशी फाटलेली, खळीचे पोपडे निघालेले. बायको पदर पसरून बसली आणि घेत गेली.

"बठ्ठी शेत का?" ती म्हणाली.

नव्हती. चौथं पोतं ट्रकच्या मागच्या फळीच्या फटीशी होतं, कुशीला फाडलेलं आणि अर्धं रिकामं. मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो खाली बघायला लागला. "जाड चकचकीत कागद होता, आबा. बहिणीची नणंद बाजारात बसते, पुड्या बांधायला मूठभर दिला. मला काय माहीत?"

त्याला काय माहीत. माहीत असायला हवं होतं ते मला.

त्याच्या बहिणीची ती नणंद मिरच्यांचा ढीग लावून बसली होती. मांडीखाली कागद, टोपलीत कागद. मी टोपलीकडे बोट दाखवलं. बायकोच बोलली, "बाई, ते चित्रना कागद दे ना परत. बदलामा दुसरा देतस." बाई म्हणाली, "चित्रवरी मिरची तिखी लागस का काय?" आणि आजूबाजूच्या चार जणी हसल्या. पण तिनं टोपली उलटी केली. नऊ निघाले. बाकीचे गिऱ्हाइकांबरोबर गेले होते, कुठल्या कुठल्या पाड्यांवर. मी उभा राहून बाजारातून निघालेल्या माणसांच्या पिशव्यांकडे बघत होतो. एका म्हाताऱ्याच्या हातात निळा कागद दिसला. मागे धावलो. तो साबणाचा होता.

मोजले तेव्हा एकशे सदतीस भरले. पहिला नव्हता. बायकोनं दोनदा चाळले, निळं लुगडं शोधत. मग तिनं गाठोडं बांधलं आणि म्हणाली, "चला. नानाकडे चला."

"मी नही येवाव."

"मंग मी जास. माले वाट माहीत शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयातून हातगाडीवर ठोकळे घेऊन आम्ही नानांच्या ओट्यावर गेलो. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरलो. नानांनी ठोकळ्यांकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं, त्यांचा चेहरा असा झाला की त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं. मग म्हणाले, "हात धुवून या. दोघंही."

आम्ही धुतले. नानांनी पांढरं फडकं पसरलं. बायको कव्हर हातावर सपाट करून द्यायची, मी त्यावरचा महिना आणि वर्ष वाचायचो, अडखळत, आणि नाना ठोकळ्यातला तो अंक उघडून पानं मोजायचे. मी वाचताना चुकलो तर ते थांबायचे, दुरुस्त करायचे नाहीत, मीच पुन्हा वाचेपर्यंत वाट बघायचे. पहिल्या तासातच दर्जा सांगायचं त्यांनी माझ्यावर टाकलं. "तुम्ही सांगा, भाऊ. तुम्हाला कागद कळतो."

मी त्यांच्याकडे बघितलं, टोमणा आहे का म्हणून. नव्हता.

"कडा कापलेल्या," मी म्हणालो. "कव्हर सुटं. पाठ गेलेली." ते लिहीत गेले. "कापलेल्या. कव्हर नाही. कापलेल्या. कव्हर नाही. जाहिराती काढलेल्या." दिवसभर हेच. एकशे ब्याण्णव वेळा मी माझ्या तोंडानं माझ्याच हातचं सांगितलं. दुपारी नानांच्या घरून पिठलं-भाकरी आली, बायको म्हणाली, जेवी ल्या, मी पुढचं कव्हर मागितलं. सातव्या आणि बाराव्या वर्षाच्या ठोकळ्यात मशीन इतकं आत गेलं होतं की ओळींची पहिली अक्षरंच नव्हती.

"ही दोन वर्षं मला वाचनीय म्हणून लिहिता येणार नाहीत," नाना म्हणाले.

"माणूस अंदाजानं वाचेल," मी म्हणालो. "मी तर सगळंच अंदाजानं वाचलं."

"भाऊ."

"लिहा मग. जे आहे ते लिहा."

शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःचं एक वाक्य घातलं आणि मला वाचून दाखवलं. हा संच अत्यंत वाईट अवस्थेत आहे, परंतु माझ्या माहितीत याची दुसरी सलग प्रत नाही, म्हणून जपावा. मी म्हणालो, अत्यंत काढा. ते म्हणाले, नाही काढणार.

बैठक झाली त्या दिवशी जळगावात आमच्या रांगेवर मशीन फिरलं. मी तिथे नव्हतो. वाचनालयाच्या बाहेर बाकावर बसलो होतो, आतून बोलण्याचे आवाज येत होते. एक जण जोरात म्हणाला की कपाट अडवायचं कशाला, हा तर कचरा आहे. नानांचा आवाज मुळातच बारीक, तो ऐकू येत नव्हता, पण बराच वेळ तेच बोलत असावेत, कारण बाकी सगळे गप्प होते. बायको बाकाच्या टोकाला बसून पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

सेक्रेटरी बाहेर आले. चौदा घेतले. दोन नाही. मागच्या खोलीतलं कपाट मिळेल, अंक घरी न्यायला देणार नाहीत, तिथेच बसून वाचायचे. कारकुनानं रजिस्टर माझ्याकडे वळवलं. मी सही करण्याआधी वाचलं, वाचायला वेळ लागला, मागे माणसं उभी होती तरी मी घाई केली नाही. संच अपूर्ण. मुखपृष्ठे सुटी, पंचावन्न गहाळ, पहिल्या अंकाचे नाही. कडा कापलेल्या. दर्जा कनिष्ठ.

सही केली. पिशवीत ते दोन नाकारलेले ठोकळे घेतले आणि बाहेर आलो.

"काय लिखेल शे?" बायकोनं विचारलं.

"खरं लिखेल शे."

ती उठली, माझ्या हातातून पिशवी घ्यायला गेली. मी दिली नाही. जड होती, आणि माझी मलाच उचलायची होती.